देवानंदकाकांनी बघितलंय ना?

देवानंद रामटेके यांच्या घरी पहिल्यांदा गेलात आणि चहा येण्याआधी त्यांनी तुमच्या गावाची, कॉलेजची आणि पासआउट झालेल्या वर्षाची उलटतपासणी घेतली नाही, तर समजावं, आज काकांची तब्येत बरी नाही.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात हा माणूस सव्वीस वर्षं राहतो आणि मोटारीच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीचं काम करतो. कंपनीला फोम, कापड, स्प्रिंगा, बोल्ट पुरवणारे शंभर-सव्वाशे लोक आहेत. ते जे सांगतात ते खरं आहे का, हे जाऊन बघायचं. पगारच मुळी अविश्वासाचा मिळतो म्हणा ना. पण पगारी वेळेनंतरही त्यांचं दुकान बंद होत नाही. इंडियन स्टोअरमध्ये हळदीचं पाकीट घेतलं तर ते तारीख बघतात, मग ती तारीख स्टिकर चिकटवून बदललीय का हे नखानं खरवडून बघतात. एकदा टॅक्स खात्यातून बोलतोय म्हणून एका ठगाचा फोन आला. काकांनी त्याला चाळीस मिनिटं धरून ठेवलं. बॅज नंबर काय, साहेबाचं नाव काय, ऑफिस कुठे, ऑफिससमोर कुठलं दुकान आहे. शेवटी ठगच कंटाळला आणि त्यानं फोन ठेवला.

"लग्नाआधी यांनी माझी मार्कशीट मागितली होती," यशोधराकाकू आंबेडकर जयंतीच्या जेवणात दरवर्षी सांगतात. "झेरॉक्स दिली तर म्हणे, ओरिजिनल आणा."

सगळे हसतात. पण हसणारेच उद्या घर घ्यायला निघाले, मुलीला स्थळ आलं, कुणी भारतातल्या प्लॉटची फाइल घेऊन आला, की कागद उचलून काकांकडे येतात. ट्रॉयच्या आंबेडकरी मंडळींमध्ये एक वाक्यच रूढ आहे. देवानंदकाकांनी बघितलंय ना? बघितलंय म्हटलं की विषय संपला.

हा स्वभाव त्यांनी हौसेनं जोपासलेला नाही. नागपुरात इंजिनियरिंगला नंबर लागला तेव्हा कॉलेजच्या कारकुनानं त्यांचा जातीचा दाखला खिडकीकडे धरून उजेडात बघितला होता. मागे रांगेत चाळीस पोरं. "असे दाखले हल्ली शंभर रुपयाला मिळतात," कारकून म्हणाला, आणि जुना पुरावा आणा म्हणून कागद परत सरकवला. अठरा वर्षांचा देवानंद त्याच रात्रीच्या एसटीनं भंडाऱ्याकडच्या मूळ गावी गेला. तिथल्या प्राथमिक शाळेत हेडमास्तरांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि त्यात वडिलांचं नाव होतं. पाटीपेन्सिलच्या वयाच्या वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. देवानंद तिथे हेडमास्तरांसमोर रडला. त्या एका ओळीनं त्याची सीट वाचवली, पुढचं सगळं आयुष्य वाचवलं.

तेव्हापासून माणसांवर त्यांचा विश्वास नाही. पण रजिस्टरवर आहे. आणि घात झाला तो इथेच.

ज्या सीटबद्दल एवढं सांगितलं, तिची फी भरली होती थोरल्या बहिणीनं. रत्नाबाईंनी दहावीनंतर शाळा सोडून नर्सिंग धरलं आणि नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून भावाला शिकवलं. पुढे उशिरा लग्न, त्याहून उशिरा झालेली एकच मुलगी, उपासना. ती पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी मास्टर्स करायला आली तेव्हा रत्नाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "देवा, तुया भरोशावर पाठवून राहिली मी पोरीले." तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता भाचीला फोन, हा नियम त्यांनी दोन वर्षांत एकदाही चुकवला नाही.

उपासनानं स्टॅटिस्टिक्समध्ये पदवी घेतली आणि नोकऱ्यांचा बाजार त्याच सुमारास बसला. शिकून झाल्यावर इथे राहून काम करायची परवानगी मिळते, पण त्यात बिनकामाचे नव्वदच दिवस चालतात. नव्वद संपले की बॅग भरायची. मुलीनं चारशेच्या वर अर्ज केले. स्टेट कॉलेजच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तिनं फ्रिजवर एक कागद लावला होता आणि रोज त्यावर एक रेघ मारायची. एकाहत्तर रेघा झाल्या होत्या तेव्हा, सप्टेंबरातल्या एका रविवारी, तिनंच आधी फोन केला.

"मामा, ऑफर आलीय! लेटर तुम्हाला फॉरवर्ड केलंय. प्लीज बघा ना."

लिंडहोव्ह डिजिटल नावाची कंपनी. युरोपातल्या एका छोट्या देशात मुख्य ऑफिस. लोकांची बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी सांभाळायचा धंदा. अमेरिकेत नवी टीम उभी करताहेत, घरून काम, हुद्दा पेमेंट ऑपरेशन्स अ‍ॅनालिस्ट, पगार नजरेत भरणारा पण डोळे पांढरे करणारा नाही. लेटरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही कंपनी युरोपच्या मिका कायद्याखाली परवानाधारक आहे. खाली परवान्याची तारीख आणि कंपनीचा ओळख-क्रमांक.

"इंटरव्ह्यू कुणी घेतला?" काकांनी विचारलं.

"मार्टिन म्हणून मॅनेजर आहेत. चॅटवर झाला, दोन राउंड."

"चॅटवर? तोंड नाही बघितलं?"

"मामा, रिमोट कंपन्यांत आता असंच असतं."

"आणि काम अमेरिकेत, तर परवाना युरोपचा कशाला दाखवतात?"

पलीकडून ती हळूच म्हणाली, "एकोणीस दिवस राहिलेत, मामा."

काकांनी आवाज खाली आणला. म्हणाले, बघतो.

आणि त्यांनी बघितलं, हे मान्य केलं पाहिजे. दोन संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. मिका म्हणजे क्रिप्टोच्या धंद्यासाठी युरोपियन युनियननं केलेला कायदा. तिथे हा धंदा करायचा तर कुठल्या तरी सदस्य देशाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि परवाना मिळालेल्यांची यादी युरोपची बाजार-नियामक संस्था आपल्या साइटवर सगळ्यांना बघायला ठेवते. यादी म्हणजे चक्क एक्सेलमध्ये उघडणारी फाइल. एक कंपनी, एक ओळ. काकांना ती फाइल बघून बरं वाटलं. जगाच्या या भलत्या धंद्यालाही कुणीतरी दाखल-खारीज ठेवलं होतं.

लिंडहोव्ह डिजिटल त्यात होती. देश तोच. वीस अक्षरांचा कंपनीचा ओळख-क्रमांक लेटरवर होता तोच. काकांनी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं. परवान्याची तारीख जुळली. तिथे काकांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

त्या ओळीत उजवीकडे अजून सात-आठ रकाने होते. ते बघायला स्क्रीन सरकवावा लागला असता. काकांनी तो सरकवला नाही. एरवी बोल्टच्या सर्टिफिकेटची मागची बाजूही सोडत नाहीत हे गृहस्थ. पण त्या संध्याकाळी त्यांना उत्तर मिळालं होतं आणि ते हवं तेच होतं. ज्याला हवं असतं त्याला दिसतं, आणि दिसलं की माणूस पुढे बघत नाही. संशयी माणूससुद्धा माणूसच की!

"तुम्हाला पटतंय का?" यशोधराकाकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "तोंड न बघता नोकरी?"

"यादीत नाव आहे," काका म्हणाले.

रात्री नागपूरहून फोन आला. तिथे सकाळ होती. "देवा, पोरीले जॉब लागला म्हनते. तू पाह्यलं ना?"

"बघितलं ताई. कंपनी खरी आहे."

"मंग झालं," रत्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातून दोन महिन्यांचं ओझं उतरल्याचं काकांना स्पष्ट ऐकू आलं. त्या रात्री ते गाढ झोपले.

उपासना पुढच्या सोमवारी कामाला लागली. त्याच आठवड्यात गुरुवारी काकांना ओहायोत टोलीडोजवळ एका फोमवाल्याकडे ऑडिटला जायचं होतं. फोमवाला जुना, हसतमुख, डोनट मागवून ठेवणारा. अशांची काकांना जास्त भीती वाटते. त्यानं दर्जाचं सर्टिफिकेट पुढे केलं. काकांनी ते घेतलं, दुसऱ्या पानावर गेले आणि बोट टेकवलं.

"हे तुमच्या इंडियानातल्या प्लांटचं आहे. हा प्लांट ह्यात नाही. आणि इथे लिहिलंय कापड कापणे. फोम कुठाय?"

"पण कंपनी आमचीच आहे ना," मॅनेजर म्हणाला. "नाव बघा. रजिस्टरवर चेक करा, आम्ही आहोत."

"नाव असून काय उपयोग?" काका म्हणाले. "कशासाठी दिलंय आणि कुठल्या जागेसाठी दिलंय ते—"

आणि ते वाक्याच्या मध्येच थांबले.

मॅनेजरला वाटलं, ह्यांना हार्ट अटॅक येतोय. त्यानं पाणी मागवलं. काकांनी पाणी घेतलं नाही. एक फोन करायचाय म्हणाले आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला, तीच फाइल, तीच ओळ उघडली. या वेळी त्यांनी स्क्रीन उजवीकडे सरकवला.

सेवांच्या रकान्यात एकच गोष्ट होती. ग्राहकांची क्रिप्टो नाणी सांभाळून ठेवणं. देवाणघेवाण नाही, पैसे पाठवणं नाही, पेमेंट ऑपरेशन्स तर नाहीच नाही. देशांच्या रकान्यात युरोपातले पाच देश. अमेरिका तिथे असणारच नव्हती, कारण युरोपचा परवाना युरोपात चालतो. इथे धंदा करायचा तर इथलं रजिस्ट्रेशन वेगळं लागतं, हे तर काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि स्वतःच गिळून टाकलं होतं. आणि वेबसाइटच्या रकान्यात जो पत्ता होता, तो उपासनाच्या लेटरवरच्या पत्त्याच्या आसपासही फिरकत नव्हता. साइटच दुसरी.

त्यांनी यादीतल्या साइटवर जाऊन नंबर शोधला आणि लावला. टोलीडोत सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे पाच. एका बाईनं उचलला. काकांनी सांगायला सुरुवात केली आणि ती बाई दुसऱ्या वाक्यालाच म्हणाली, "सर, अमेरिकेत आमचं कुणीही नाही. आम्ही तिथे माणसं घेत नाही. आमचं नाव आणि नंबर वापरून कुणीतरी हे चालवतंय. या महिन्यात फोन करणारे तुम्ही सातवे."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते काकांना बसल्याजागी कळलं. कंपनी खरी, परवाना खरा, यादी खरी. खोटा होता तो फक्त मार्टिन, आणि त्याच्यावर शिक्का मारला होता देवानंद रामटेके यांनी.

भाचीला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी ती आली ती घाईत.

"मामा, मी कामात आहे, लंचला करू?"

"काय काम चाललंय?"

"फर्स्ट ट्रान्झॅक्शन आहे. क्लायंटचे पैसे माझ्या अकाउंटला आलेत, ते क्रिप्टोत कन्व्हर्ट करून कंपनीच्या वॉलेटला पाठवायचेत. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, दोन तासांच्या आत. बारा वाजेपर्यंत."

"तुझ्या अकाउंटला? तुझ्या स्वतःच्या?"

"कॉर्पोरेट अकाउंट सेटअप व्हायला महिना लागतो म्हणाले. तोपर्यंत टेम्पररी."

"उपासना, पाठवू नकोस. ते लोक खोटे आहेत."

तिचा आवाज चढला. काकांनी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"मामा, प्लीज. नॉट नाउ. तुम्हाला सगळंच खोटं वाटतं. फॅमिलीत सगळे म्हणतात. पण यावेळी तुम्हीच म्हणालात खरं आहे! आईला पण तुम्हीच सांगितलंत. आता जॉब सुरू झाल्यावर तुम्हाला परत डाउट येतोय? मी आज पाठवलं नाही तर ते मला काढतील, आणि मग माझे बारा दिवस उरतात. बारा!"

तिचं बरोबरच होतं. लांडगा आला रे म्हणून आयुष्यभर ओरडणाऱ्या माणसानं एकदाच 'नाही आला' म्हटलं होतं, आणि तिनं नेमकं तेवढंच ऐकलं होतं. आता ओरडून उपयोग नव्हता.

"माझं चुकलं," ते म्हणाले. हे शब्द तोंडातून निघायला त्यांना फार जड गेलं. "मी अर्धीच ओळ वाचली. आता माझं ऐकू नकोस. माझ्या शब्दाला काही किंमत नाही असं समज. तू स्वतः वाच. मी फाइलची लिंक पाठवतोय, उघड."

"मामा, टाइम नाहीये..."

"पाच मिनिटं. मोठ्यानं वाच. शेवटच्या रकान्यापर्यंत."

की-बोर्डचा आवाज आला. ती वाचू लागली. नाव. क्रमांक. तारीख. आवाजात अजून राग होता. मग सेवा. मग देश. मग वेबसाइट. वेबसाइटला ती अडखळली, परत वाचली, आणि मग आपल्या लेटरवरचा पत्ता मोठ्यानं वाचला.

"ही साइट वेगळी आहे."

"हो."

"मे बी अमेरिकेची साइट सेपरेट..." तिनं वाक्य सोडून दिलं. संख्याशास्त्र शिकलेली मुलगी होती.

"पैसे कुणाकडून आलेत, नाव दिसतं का?" काकांनी विचारलं.

"डोरोथी. सहा हजार चारशे डॉलर. खाली नोट आहे." तिचा आवाज बारीक झाला. "'माझ्या सेव्हिंग्ज अकाउंटसाठी. मार्टिन, तुझे फार आभार.'"

ती रडायला लागली. नोकरी गेली म्हणून की डोरोथी नावाची कुणी बाई बिचारी आपल्या म्हातारपणाची पुंजी हिच्या हातात ठेवून आभार मानत होती म्हणून, हे विचारायची ती वेळ नव्हती.

"पैसे अजून अकाउंटमध्येच आहेत ना?"

"आहेत."

"एक पैसा हलवू नकोस. मार्टिनला उत्तर देऊ नकोस. बँकेला फोन लाव, आत्ता, मी लाइनवर आहे. काय झालं ते पहिल्यापासून सांग. चॅट, लेटर, सगळं जपून ठेव."

बँकेनं खातं गोठवलं, पैसे आलेल्या वाटेनं परत पाठवले, आणि उपासनाला दीड तास प्रश्न विचारले. तू स्वतः फोन केलास म्हणून निभावलं, असं तिथल्या माणसानं शेवटी सांगितलं. बारा वाजून गेल्यावर मार्टिनचे चौदा मेसेज आले. सुरुवातीचे गोड, मधले धमकीचे, शेवटचा पुन्हा गोड. काका टोलीडोच्या पार्किंगमध्ये दुपारी दोनपर्यंत फोन कानाला लावून बसले होते. फोमवाल्यानं काचेतून दोनदा डोकावून बघितलं.

शुक्रवारी रजा टाकून ते साडेसहा तास ड्राइव्ह करून स्टेट कॉलेजला गेले. यशोधराकाकूंनी पुरणपोळ्या आणि सांडग्याची मिरची बांधून दिली होती, जणू तोच एक इलाज होता. उपासनानं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण तिनं वाकून नमस्कार केला, जय भीम म्हणाली, पाणी दिलं. तिच्या फ्रिजवर रेघांचा कागद होता. सोमवारपासूनची ती नोकरी नोकरीच नव्हती, तेव्हा ते दिवसही रेघांत धरावे लागले होते.

"सात दिवस आहेत," काका म्हणाले. "बघू आपण. मी ट्रॉयमध्ये सगळ्यांना विचारतो. एखादं बिनपगारी रिसर्चचं काम मिळालं, आठवड्याला वीस तासांचं, तरी दिवस थांबतात म्हणतात."

"एक होतं मामा."

"काय?"

"बिनपगारी. डिपार्टमेंटच्या प्रोफेसरांच्या लॅबमध्ये. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं." ती खिडकीबाहेर बघत होती. कॅम्पसची बस रिकामीच वळण घेत होती. "ऑफर आली त्याच आठवड्यात. तुम्ही हो म्हणालात, आणि मी त्यांना नकार कळवला. काल मेल केला. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलंय."

तिनं हे कुठल्याही आरोपाशिवाय सांगितलं. आरोप केला असता तर काकांना सोपं गेलं असतं, भांडता तरी आलं असतं. ते सोफ्यावर बसून राहिले आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. आयुष्यात एकदा, एकदाच या माणसानं डोळे मिटून शिक्का मारला, आणि तो बरोब्बर पोरीच्या कपाळावर बसला.

सात दिवसांत काही झालं नाही. ट्रॉयच्या मंडळींनी फोन फिरवले, ओळखी काढल्या, पण सात दिवसांत अमेरिकेत दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, नोकरी कुठली मिळायला? काकांनीच तिला ट्रॉयला आणलं, तिच्या दोन बॅगा वजन करून भरल्या, डेट्रॉईटच्या विमानतळावर सोडलं. ती हसून हात हलवत आत गेली. घरी येऊन त्यांनी नागपूरला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, अर्ध्या ओळीसकट.

सगळं ऐकून रत्नाबाईंनी एवढंच विचारलं, "पन तू पाह्यलं होतं ना रे?"

त्या रात्री काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कुणी कागद घेऊन आलं, की ते म्हणायचे, माझं आता वय झालं, दुसऱ्याला दाखवा. लोकांना वाटलं, काका नम्र झालेत. यशोधराकाकूंना खरं ठाऊक होतं. नवऱ्याला रविवारी सकाळी दहा वाजता फोन हातात घेऊन नुसतं बसलेलं त्या बघायच्या. उपासनाचा फोन येत नव्हता, आणि लावायचं तर ह्यांच्यात बळ नव्हतं.

सहा-सात आठवडे असे गेले. मग एका शनिवारी मोबाइलवर तिचा मेसेज आला. पुण्यातल्या एका औषध कंपनीचं ऑफर लेटर, चार पानी. खाली एक ओळ: 'मामा, हे खरं आहे का? बघून सांगा ना.'

काकांनी ते चार वेळा वाचलं. मग उठून दाढी केली, अंघोळ केली आणि टेबलावर बसले. त्यांनी कंपनीची सरकारी नोंदणी बघितली, शेवटच्या रकान्यापर्यंत. नोंदणीतला पत्ता, लेटरवरचा पत्ता. साइट. लेटर कुठल्या मेलवरून आलं. मुख्य ऑफिसचा नंबर लेटरवरून न घेता बाहेरून शोधला, भारतात सोमवारची सकाळ होईपर्यंत वाट बघून लावला, सही करणारी बाई तिथे खरंच काम करते का हे विचारलं, तिच्याशी बोलले. औषधांचा परवाना कुठल्या प्लांटचा, त्यात हे डिपार्टमेंट बसतं का, तेही. पाच पानी टिपण झालं. तीन दिवस लागले. मग त्यांनी लिहिलं: 'खरं आहे. टिपण जोडलंय. पण माझ्यावर जाऊ नकोस, तू स्वतःही बघ.'

उत्तर मिनिटाभरात आलं.

'मी आधीच बघितलंय मामा, सगळे कॉलम. मागच्या मंगळवारी जॉइन पण झाले. तुम्ही पूर्ण बघता का, तेवढंच बघत होते.'

काका त्या ओळीकडे बघत बसले. आधी ती झोंबली, चांगलीच झोंबली. मग त्यांना हसू फुटलं, इतकं मोठ्यानं की यशोधराकाकू ओल्या हातानं बाहेर आल्या, आणि बघतात तर नवरा हसता हसता चष्मा काढून डोळे पुसतोय.

"काय झालं?"

"ऑडिट झालं माझं," काका म्हणाले. "पास झालो."